हाताशी ठेवलेला आवाज

सोमवारी सकाळी चहा पिता पिता नेताजी जगदाळ्यांचा, म्हणजे आबांचा, आवाज गेला. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा गेला तेव्हा घशाचा कर्करोग निमित्त झाला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि जीव वाचवला. या वेळी मात्र आबांना काहीही झालं नव्हतं. ते बायकोला, छायाबाईंना, म्हणाले, "चहात साखर..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. ओठ हलत होते, जीभ फिरत होती, पण गळ्याला बांधलेल्या पट्टीवरचा हिरवा दिवा विझून लाल झाला होता.

छायाबाईंना वाटलं, चार्जिंग संपलं. सुजयनं वडलांची पट्टी उलटसुलट करून पाहिली. शेवटी सुनेनं, ईश्वरीनं, लॅपटॉपवर आलेलं पत्र वाचून दाखवलं. कंपनीनं गाशा गुंडाळला होता. सेवा बंद, साठवलेले सगळे आवाज नियमाप्रमाणे पुसले, सगळे करार संपले, आजवरच्या विश्वासाबद्दल आभार.

"पुसले म्हंजे?" छायाबाईंनी विचारलं.

आबांनी पट्टी सोडली, घडी घातली आणि खुंटीला अडकवली.

स्वरयंत्र गेलं म्हणून माणूस बोलायचा थांबत नाही. जबड्याखालचे स्नायू पूर्वीसारखेच थरथरतात, फक्त त्यांना नाद उरत नाही. पट्टी ती थरथर टिपायची आणि तिची अक्षरं करायची. अक्षरं कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जायची. तिथे आबांचा ऑपरेशनआधी ध्वनिमुद्रित केलेला खरा आवाज ठेवलेला होता. तिथून नाद परत यायचा आणि पट्टीतला बोटभर स्पीकर तो बोलून दाखवायचा. डोळ्याचं पातं लवण्याआधी हे सगळं व्हायचं.

आणि हा आवाज साधासुधा नव्हता. शिरोळवाडीच्या कृष्णाकाठ चषकाचं समालोचन आबा तरुणपणापासून करत आले होते. कबड्डीचा सामना मैदानात जितका रंगायचा, त्याहून जास्त तो आबांच्या तोंडी रंगायचा. कुणी हात हलवत परत आला की ते म्हणत, "बाबांनो, ही चढाई न्हाय, सासुरवाडीला जाऊन न जेवता परत येणं हाय!" दुबईला गेलेली, जर्मनीत नर्स झालेली, हुबळीला ट्रक चालवणारी गावाकडची माणसं तेवढ्यासाठी सामना लावायची.

सुजयनं दोन दिवसांत दुसऱ्या कंपनीचा तयार आवाज आणून पट्टीत घातला. आबांनी बोलून पाहिलं. आवाज स्वच्छ होता, बातम्या सांगणाऱ्यासारखा गुळगुळीत. आबांनी पट्टी काढली आणि पाटीवर लिहिलं, "ह्या आवाजात हाक मारली तर तुझी आई ओ दील का?"

सुजयनं तो आवाज पट्टीतून काढून टाकला.

त्याच आठवड्यात चषक भरवणाऱ्या मंडळाचे सचिव येऊन बसले. बराच वेळ उसाच्या तोडीबद्दल बोलल्यावर त्यांनी चाचरत विषय काढला. "आबा, औंदा माइकवर कोल्हापूरचा एक पोरगा बोलवूया म्हणतोय. तुमी व्यासपीठावर बसा. मानाची खुर्ची देतो."

आबांनी मान हलवून होकार दिला. सचिव गेल्यावर ते गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. खिडकीतून ईश्वरीनं ते पाहिलं. तिला राहवलं नाही.

ईश्वरी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबची पानं लिहायची. कृष्णाकाठ चषकाचं पानही तिनंच लिहिलं होतं. सामन्याच्या वेळी मैदानात एवढी गर्दी व्हायची, की नेटवर्कचा श्वास कोंडायचा आणि आबांचा आवाज तुटत तुटत पोचायचा. तेव्हा तिनं एक युक्ती केली होती. आवाज पाठवायचाच नाही! पाठवायची ती फक्त आबांच्या वाक्यांची अक्षरं, ती वाऱ्यासारखी हलकी. आवाजाचे बारीक तुकडे, म्हणजे 'च'ला 'ढा' जोडताना निघतो तो नाद, 'प'कडून 'क'कडे जाताना निघतो तो, हे कंपनीकडून एकदाच मागवायचे आणि ऐकणाऱ्याच्याच फोनमध्ये ठेवून द्यायचे. वाक्य आलं की पान ते तुकडे तिथल्या तिथे जुळवून वाजवायचं.

ठेवायचे कसे, त्यासाठी तिनं जावास्क्रिप्टमधली एक छोटी, फुकट मिळणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम, वापरली होती. स्वयंपाकघरात असतं तसंच ते काम. रोजची मीठमिरची ओट्यावर हाताशी, जरा कमी लागणारं फडताळात, आणि दोन्हीकडे नसलं तरच बाजारात जायचं. ओटा म्हणजे फोनची चालती मेमरी. ती झपाट्यानं देते, पण पान मिटलं की ओटा पुसला जातो. फडताळ म्हणजे ब्राउझरचा स्वतःचा साठा. फोन बंद केला तरी त्यातलं सामान जागेवर राहतं. जागा भरली की लायब्ररी सगळ्यात जास्त दिवस हात न लागलेला तुकडा आधी बाहेर काढायची.

बाजार, म्हणजे कंपनी, आता कायमचा बंद झाला होता. पण फडताळं?

ईश्वरीनं लॅपटॉपवर चषकाचं पान उघडलं. गेल्या हंगामानंतर ते तिनं उघडलं नव्हतं. मग प्रोग्रॅमर लोक वापरतात ती ब्राउझरच्या पोटात डोकावायची खिडकी उघडली. तुकड्यांची रांगच्या रांग समोर आली. तिनं त्यातले तीन उचलले, एकापुढे एक लावले आणि वाजवले.

"चढाई!"

ती खुर्चीतून उठलीच. सुजय हातातलं टाकून धावत आला. तिनं पुन्हा वाजवलं. आबांचाच आवाज, शेवटच्या 'ई'ला तीच वर उडी घेणारा!

"म्हणजे ज्यानं ज्यानं सामना ऐकलाय, त्याच्या त्याच्या फोनात आबा थोडे थोडे आहेत," ती म्हणाली. "प्रत्येकानं वेगळे सामने ऐकलेत, म्हणजे प्रत्येकाकडे वेगळे तुकडे. सगळे गोळा केले तर..."

सुजयनं पुढचं ऐकलंच नाही. तो बाहेर पळाला.

ईश्वरीनं आणखी एक शब्द जुळवायला घेतला आणि तिचा हात थांबला. रांग रिकामी होती. पान तेच, खिडकी तीच, पण आत एकही तुकडा नव्हता.

मग तिनं स्वतःच लिहिलेली जुनी ओळ शोधून काढली. कंपनीच्या करारात अट होती, की आवाज हंगामापुरताच ठेवायचा. म्हणून तिनं प्रत्येक तुकड्याला मुदत घातली होती. पान उघडलं की जरा वेळानं लायब्ररी फडताळातून झाडू फिरवायची आणि मुदत संपलेलं सगळं फेकून द्यायची. पान मिटलेलं असेपर्यंत तुकडे सुखरूप होते. उघडताच मरत होते.

"सुजय!" ती ओरडत अंगणात आली. "कुणाला सांगू नकोस! पान उघडू देऊ नकोस!"

सुजय हसत हसत फोन खिशात घालत होता. "सांगितलं की. सगळ्या ग्रुपवर टाकलं. 'आबांचा आवाज तुमच्या फोनात आहे, लगेच चषकाचं पान उघडा.' बघ, धडाधड अंगठे यायला लागलेत."

तिचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. तिनं दोन वाक्यांत सांगितलं.

"मी माझ्या बापाचा आवाज पुसला?"

"रडायला मग वेळ आहे. आधी मेसेज काढ. फोन कर एकेकाला."

ती आत धावली. जुनं पान खोडून तिनं त्या जागी कोरं पान चढवलं. त्यावर एकच ओळ होती, 'जरा थांबा.' आता कुणी उघडलं तरी झाडू फिरणार नव्हता. पण मधल्या वेळात किती जणांनी उघडलं, किती फडताळं रिकामी झाली, याचा हिशेब कुठेच नव्हता.

दुपारभर सुजय फोनवर होता. हळूहळू त्याच्या आवाजात जीव आला. "अगं, अमेरिकेतली माणसं झोपलेली होती. दुबईची ड्यूटीवर. आणि आपल्या गावची..." त्याला हसावं की रडावं कळेना. "निम्म्यांनी मेसेज न वाचताच अंगठा दिलाय!"

"आपली माणसं वाचत नाहीत, हेच आपलं नशीब," ईश्वरी म्हणाली.

नवं पान लिहायला तिनं घाई केली नाही. हे पान लायब्ररीला जागं न करताच फडताळ उघडणार होतं आणि मुदतीकडे न बघता तुकडे वाचणार होतं. एक गोष्ट तिच्या बाजूनं होती. ब्राउझरचं फडताळ ज्या पत्त्यानं भरलं त्याच पत्त्याला उघडतं, दुसऱ्या कुणालाही नाही. चषकाचा पत्ता मंडळाचा होता आणि अजून चालू होता. पण तिला घाई नसली तरी ब्राउझरला होती. बरेच दिवस न उघडलेल्या पानांचं सामान काही ब्राउझर आपणहून काढून टाकतात. रोज कुठे ना कुठे एखादं फडताळ साफ होत असणार.

"बटण कशाला घालतेस?" मागे उभ्या सुजयनं विचारलं. "पान उघडलं की गुपचूप घ्यायचे तुकडे. लोक 'हो'च म्हणणार आहेत."

"फोन त्यांचा आहे. न विचारता दुसऱ्याच्या फडताळात हात घालायचा नाही."

"आपलीच वस्तू असली तरी?"

"आपली असली तरी दार वाजवायचं."

पानावर तिनं आबांचा माइकसमोरचा फोटो लावला. खाली लिहिलं, 'आमच्या आबांचा आवाज तुमच्याकडे राहिलाय. परत द्याल?' आणि त्याखाली बटण, 'देतो, घेऊन जा.' या वेळी मेसेज सुजयनं तिच्याकडून तपासून घेतला आणि मगच पाठवला.

पहिला तुकडा हुबळीच्या रस्त्यावरून आला. मग दुबईहून मूठभर. मग जर्मनीतल्या नर्सबाईंकडून ओंजळभर, सोबत निरोप: 'वॉर्डात काम करताना कानात आबाच असायचे. सगळे घ्या, आणि परत द्या!' ज्यांची फडताळं त्या दुपारी रिकामी झाली होती, त्यांनी भावाचे, मेहुण्यांचे, शेजाऱ्यांचे फोन धुंडाळले. आलेला तुकडा ईश्वरी त्याच्या जागी बसवत होती. दहा जणांकडून तोच आला तर त्यातला सगळ्यात स्वच्छ ठेवत होती. आबा रोज मागे येऊन उभे राहायचे. पडद्यावर मराठीतल्या नादांचा चौकोनी पट होता. मिळालेलं घर हिरवं, न मिळालेलं पांढरं. बघता बघता पट शिवारासारखा हिरवा होत गेला.

"आबा, एवढे पुरे आहेत," एका सकाळी ती म्हणाली. "यावरून फोनमध्ये चालणारं, सगळ्यांना खुलं असलेलं यंत्र तुमचा आवाज शिकू शकतं. कंपनी नको, दूरचा संगणक नको. सगळं तुमच्या खिशात. घालू पट्टीत?"

आबांनी मान हलवली. नाही. त्यांनी पडद्यावरच्या एका पांढऱ्या घरावर बोट ठेवलं. ते 'छा'चं घर होतं.

"त्यावाचून अडत नाही. यंत्र अंदाजानं भरून काढेल."

आबांनी पाटी घेतली. "अंदाजानं नको. तिचं नाव हाय ते."

समालोचनात 'छा' क्वचितच यायचा, म्हणून प्रत्येक फडताळातून तोच आधी बाहेर पडला होता. दिवस चालले होते. मैदानात मॅट अंथरली गेली, मंडप उभा राहिला. बाकी पट भरत आला, पण ते घर पांढरंच राहिलं.

शेवटी तिनं सासूबाईंना सांगितलं. भाकरी थापता थापता छायाबाईंचे हात थांबले.

"कंचा सामना लागतूय तुला?"

"कुठलाही. ज्यात आबा 'छाती', 'छावा' असलं काही म्हणालेत असा."

छायाबाई उठल्या. पिठाचे हात पदराला पुसत त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि साड्यांच्या तळातून एक जुना, तडा गेलेला फोन काढला.

"ह्यात असंल. एकच सामना ऐकत हुते मी. सारखा. त्यात ह्ये म्हणत्यात, 'छातीचा कोट करून हुबा हाय पोरगा. घरची मानसं जेवायची थांबली असतील, पर ही चढाई बघितल्याबिगर मी उठणार न्हाय!'" त्या ओशाळून हसल्या. "ती थांबलेली मानसं म्हंजे मीच की. तेवढंच ऐकायला बरं वाटायचं. हंगाम सरताना फोनला तडा गेला, तवा कपाटात ठिवला. कंपनी बंद झाल्यावर हात लावायचं धाडस झालं न्हाई."

ईश्वरीनं फोन चार्जिंगला लावला. फोन उघडला, नवं पान उघडलं, बटण छायाबाईंनाच दाबायला लावलं. सारखा सारखा ऐकल्यामुळे त्या सामन्यातला एकही तुकडा फडताळातून बाहेर पडला नव्हता. 'छा'चं घर हिरवं झालं.

छायाबाईंना वाटलं, अजून बरंच काम असेल. त्या घरामागच्या परड्यात कपडे वाळत घालायला गेल्या. ईश्वरीनं पट्टी आबांच्या गळ्याला बांधली. दिवा हिरवा झाला. आबांनी ओठ हलवले.

"छाया!"

"ओऽ, आले, आले!" परड्यातून लगेच ओ आली आणि पाठोपाठ बादली कलंडल्याचा आवाज. छायाबाई ओल्या साडीनिशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"साखर कमी हाय चहात," आबा म्हणाले. "कवाचं सांगायचं हुतं."

सुजय भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आबांनी त्याला जवळ ओढलं. "तू मेसेज टाकलास म्हणून सगळ्यांना कळलं की आवाज हाय. पुसला बी तू, आन् हुडकला बी तूच. मिटलं."

मग ते सुनेकडे वळले.

"पोरी, तू दार वाजवलंस," ते म्हणाले. "म्हणून लोकांनी उघडलं."

कृष्णाकाठ चषकाच्या अंतिम सामन्याला मैदान तुडुंब भरलं होतं. उडते कॅमेरे मंडपावर घिरट्या घालत होते. कोल्हापूरचा समालोचक माइकपाशी गेला आणि म्हणाला, "मी इथे फक्त एक नाव घ्यायला आलोय." नाव त्याला पूर्ण घेताच आलं नाही. आबा पायऱ्या चढताना दिसले आणि मैदान उभं राहिलं.

"बसा, बसा!" स्पीकरमधून तोच आवाज घुमला. "उभं ऱ्हायचं काम पंचांचं. तुमी पैसं दिल्यात बसायचं!"

त्या दिवशी ज्यांनी ऐकलं ते आजही सांगतात, की सामना कुणी जिंकला हे विसरलो, पण आबांची एकेक चढाई पाठ आहे. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. "मधली रेषा वलांडली. नजर उजव्या कोपऱ्याला, मन डाव्या! बोनस घेतूय का? घेतला! आता परतीची वाट धर, पोरा, मोह वाईट... धरला! पाय धरला! आरं, तरी फरफटत निघालाय. चार जणांस्नी घिऊन निघालाय, लग्नाच्या वरातीवानी! बोट... बोट टेकलं! टेकलं!" गर्दीच्या आरोळीत पुढचं बुडून गेलं. सातासमुद्रापलीकडे हजारो फोनवर तोच आवाज त्याच क्षणी जुळत होता. या वेळी तुकड्यांवर कुठलीही मुदत नव्हती. ईश्वरीनं ती ओळ स्वतःच्या हातानं काढून टाकली होती.

सामना संपल्यावर तिच्याभोवती माणसं जमली. एकाची आई, एकाचा भाऊ, एका मास्तरांची बायको. सगळ्यांचे आवाज त्याच कंपनीबरोबर गेले होते. "आमच्या फोनात बी काय ऱ्हायलं असंल का, ताई?" ईश्वरीनं प्रत्येकाला एकच गोष्ट निक्षून सांगितली, "तो आवाज वाजायचा ते पान उघडू नका. मी येते."

घरी जाताना जीपमध्ये आबा पुढच्या सीटवर बसले आणि बोलायला लागले. पंचांच्या चुका, त्या पोराचा पाय, मॅटची शिवण, कोल्हापूरकराचा मोठेपणा. नदीवरचा पूल आला तरी बोलत होते. फाटा आला तरी बोलत होते. गावात शिरल्यावर त्यांनी सामना पहिल्यापासून पुन्हा सुरू केला.

मागे बसलेल्या छायाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं, आता जरा गप बसा की! डोकं उठलं माझं."

आबा मधेच थांबले. आपण काय बोललो हे ध्यानात येताच छायाबाईंनी झटकन तोंडावर हात ठेवला. सुजयनं ब्रेकवर पाय दिला.

आबा सावकाश मागे वळले. अंधारात त्यांच्या गळ्यावरचा हिरवा दिवा तेवढा चमकत होता.

"न्हाई बसत, जा!"